शेवटचा शब्द पाहुण्याचा

मन्या,

तुझ्या शोकसभेतून मी मधूनच उठून आले. दारात चपला शोधत होते तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "बाईले आवरलं नाही." आवरलं नाही हे खरं, पण ते रडू नव्हतं. तो संताप होता, आणि त्या भरात मी दुसऱ्याच कोणाच्या चपला घालून बसस्टॉपपर्यंत गेले. परत जाऊन बदलून आणल्या तेव्हाही कोणाकडे पाहिलं नाही.

तुझा फोटो लावला होता तो कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून. तोंड असं मिटलेलं की हा माणूस जन्मात हसला नसेल. त्या फोटोपुढे एकेक जण उठून बोलत होता. मनोहररावांनी आबालवृद्धांना निखळ आनंद दिला. मनोहररावांची बाहुली घराघरांत पोचली. मनोहरराव! तुला जिवंतपणी कोणी राव म्हटलं असतं तर तू मागे वळून पाहिलं असतंस, हा कोण आला म्हणून. आणि निखळ कसला? तुझा ढेमसे पहिल्या मिनिटाला खोटं बोलायचा आणि दुसऱ्या मिनिटाला पकडला जायचा, म्हणून तर पोरं गडबडा लोळायची. मी तेही ऐकून घेतलं. माणूस गेल्यावर लोक त्याला धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवतात, हे मला ठाऊक आहे.

मग टीव्ही केंद्रातले ते साहेब उठले. तेच, ज्यांनी आपला कार्यक्रम केला होता. म्हणाले, "श्रद्धांजली म्हणून ढेमसे आणि फुटाणी यांचा तो गाजलेला कार्यक्रम आम्ही पुन्हा दाखवणार आहोत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, मन्या!

मी उभी राहिले. म्हटलं, "शेवट जोडून दाखवाल का?"

"कुठला शेवट, बाई?"

"तुम्ही कापलात तो."

ते कसनुसं हसले. "अहो, त्याला किती दिवस झाले! कापलेलं आम्ही ठेवत नाही." आणि वर मला समजूत घातल्यासारखं म्हणतात, "आपण नवा भाग करू की. तुमची फुटाणी आहेच. ढेमसेचं काम मुंबईचा एक तयार कलाकार करील. मुलांना फरकही कळणार नाही."

फरकही कळणार नाही. तुझ्या फोटोसमोर उभं राहून, तुझी बायको नलू पहिल्या रांगेत बसलेली असताना. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, मी शाळेत शिकवते. बोलले आणि निघाले.

पण माझा सगळा राग त्या साहेबावर आहे असं समजून तू तिकडे निवांत बसू नकोस. त्यातला मोठा हिस्सा तुझा आहे. आपलं भांडण अर्धं सोडून जायची परवानगी तुला कोणी दिली?

भांडण कुठून सुरू झालं ते तुला सांगायला नको, तरी सांगते. महाल भागातल्या तुमच्या घरी मी सुटीत राहायला यायचे, तेव्हापासूनचं आहे ते. मावशी सांबारवडी करायची. बाहेरच्या माणसाला वाटतं सांबार म्हणजे इडलीबरोबरचं; आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हे कळायला त्याला एकदा मावशीच्या ओट्यापाशी उभं करायला हवं होतं. कढईतून वड्या निघायच्या आणि आपण दोघं ताट धरून तयार. आणि नेमका तेव्हाच कोणीतरी पाहुणा टपकायचा. सगळ्यांच्या खाऊन झाल्या की ताटलीत एक वडी उरायची. तू तिच्याकडे पाहायचास, मी तुझ्याकडे पाहायचे, आणि मावशी ती वडी उचलून पाहुण्याच्या ताटात घालायची. तो बिचारा नको नको म्हणायचा. तू एकदा रडकुंडीला येऊन विचारलंस, "आई, दर वेळी त्याहिलेच काहून?" मावशी म्हणाली, "घर आपलं, कढई आपली. शेवटचा घास तं पाहुण्याचा असू दे." तुझा मावशीवरचा राग दोन दिवस टिकला. त्याच रीतीवर आपण पुढे आपल्या बाहुल्यांचा सगळा संसार मांडू, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं.

बाहुल्या आधी मी केल्या, हेही एकदा नोंदवून ठेवते, कारण शोकसभेत कोणी ते म्हटलं नाही. शिक्षकांच्या शिबिरात शिकून आले होते. कागदाचा लगदा, डिंक, वर रंग, खाली कापडाचा झगा. झग्यात हात घातला की बाहुली बोलायला लागते. माझी फुटाणी तशी जन्माला आली. शाळेसमोर चणेफुटाणे विकणारी, नाकाने टोकदार, जिभेने त्याहून टोकदार. फुटाणे खाऊन पोरांना तहान लागते म्हणून तिच्याजवळ पाण्याचा माठ. शनिवारी शाळा सुटायच्या आधी मी चादर बांधून तिचा खेळ करायचे. तू पाहायला आलास, पाठीमागून सगळी कारागिरी बघून गेलास आणि महिन्याभरात तुझं गोल डोकं घेऊन हजर झालास. तेही हिरवं! मी विचारलं, "हिरवा काहून गा?" तर म्हणालास, "कारखान्यात मशीनले लावाचा रंग उरला होता. बाजारातल्या ढेमशासारखा दिसते, तं नावच ढेमसे ठेवतो."

तुझा ढेमसे रात्रपाळी करून आलेला, खाटेवर पडलेला, आणि त्याला कोणी झोपू देत नाही. एवढीच त्याची गोष्ट. भोंगा वाजतो, दूधवाला येतो, शेजारीण साखर मागते. हिंगण्याच्या कॉलनीतल्या माणसांना ती गोष्ट एवढी आपली वाटली की तुझ्या खेळाला पोरांपेक्षा बापच जास्त यायचे. पाळीवरून आलेली माणसं डोळे चोळत उभी राहून हसायची.

फुटाणीचं जग शाळेपाशी, ढेमसेचं जग खाटेवर. दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण पोरांनी ते काढलं. माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "बाई, फुटाणीनं ढेमसेले उठवलं तं तो उठन का?" मी तुला ते सांगितलं. आणि तू माझ्यासमोर जेवायला बसलेला, हात तसाच ताटात ठेवून म्हणालास, "ताई, घालून पाहू या गाठ."

तेव्हा पहिला वाद झाला तो जिंकायचं कोणी याचा. ढेमसे फुटाणीच्या खेळात आला तर माझी पोरं तिला हरू देणार नाहीत. फुटाणी तुझ्याकडे आली तर तुझे पाळीवाले ढेमसेच्या बाजूने. दोन्ही आपापल्या घरचे राजे, एका चादरीमागे आले की नमतं कोणी घ्यायचं? आपण तासभर तावातावाने भांडलो आणि मावशी नुसती ऐकत होती. शेवटी तिने ताटलीतली उरलेली वडी माझ्या पानात टाकली, कारण त्या घरात मी पाहुणी. तू पाहिलंस, मी पाहिलं, आणि नियम ठरला. ज्याच्या घरचा खेळ, त्याने पाहुण्याला शेवटचा शब्द द्यायचा. फुटाणी कितीही फुटू दे. तिच्या खेळात ढेमसे आला तर शेवटचं वाक्य ढेमसेचं. फुटाणी त्याच्याकडे गेली की तिचं. त्यावर परत यजमानाने काही बोलायचं नाही. चादर खाली.

खेळ काय रंगले रे आपले! फुटाणी तुझ्याकडे आली आणि खाटेच्या पायाशी बसून अशी बडबडली की झोपमोडीला सरावलेला ढेमसे पहिल्यांदा स्वतःहून उठला. तुझे पाळीवाले शिट्ट्या वाजवत होते. मग ढेमसे माझ्याकडे आला, उन्हातून चालत, पाणी प्यायला, आणि त्याच्या धक्क्याने माठ फुटला. तो माठही लगद्याचा, दोन फाकांचा, आतून दोरा. दोरा ओढला की फटकन दुभंगायचा. पोरांच्या तोंडून असा आवाज निघाला की हेडमास्तर धावत आले. आणि ढेमसे, जो स्वतःच्या घरी कोणाला भीत नाही, तो फुटाणीपुढे गुपचूप उभा राहिला. त्याला असं शरमलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तूही पाहिलं नव्हतंस, हे तू नंतर मला सांगितलंस. आपली बाहुली दुसऱ्याच्या घरी गेली की वेगळीच वागते, म्हणालास, लेक सासरी जाऊन आल्यावानी.

आणि मग तो माठ. पुढच्या शनिवारी मी दोन्ही फाका जुळवून दोरा ओवून माठ पुन्हा मांडला. खेळ तसाच असतो! वर्गातून आवाज आला, "बाई, माठ तं फुटला होता ना?" मी म्हटलं, "फुटाणीनं नवा आणला." पोरं गप्प बसली, पण त्यांना पटलं नाही, हे मला दिसलं.

ते तुझ्या कानावर गेलं आणि तू सायकल मारत आलास. "पोराइशी खोटं बोलून राह्यली तू, ताई."

"यात खोटं काय आहे? खेळ आहे गा तो."

"ढेमसेनं फोडला. सगळ्याहिनं पाह्यलं. मंग आता तो फुटलाच नाही काय?"

मी तुला तेव्हा जे सांगितलं ते आजही सांगते, आणि मी चुकले असं मला वाटत नाही. माझ्या वर्गातल्या पोरांच्या घरी दर आठवड्याला काहीतरी मोडतं. कोणाचा बाप कामावरून काढला जातो, कोणाची आई माहेरी जाते आणि परत येत नाही. शनिवारी ती पोरं चादरीपुढे बसतात तेव्हा निदान फुटाणीच्या घरी तरी सगळं जिथल्या तिथे असावं. पाहुणा आला, हसवून गेला, घर होतं तसं. पोरांना तेवढा आधार हवा असतो.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "पाहुणा येऊन गेल्यावर घर जसंच्या तसंच राहत असन, तं तो आलाच काहून?"

आणि तू तुझ्या बोलण्याप्रमाणे वागत होतास, ते मला जास्त झोंबायचं. फुटाणी तुझ्या खेळात आली तेव्हा तिने ढेमसेच्या खाटेला फुटाण्यांची पुडी बांधून ठेवली होती. एका खेळापुरती. तू ती कधी सोडलीच नाहीस. पुढचे सगळे खेळ ती पुडी खाटेला लटकत राहिली. फुटाणी तिथे नसायची, कोणी तिचं नाव घ्यायचं नाही, पण पुडी असायची. नवीन माणूस विचारायचा, ही कसली पुडी? तर कॉलनीतली पोरं त्याला ऐटीत सांगायची, फुटाणी आली होती ना!

मग टीव्ही आला. ज्यांच्या घरी तो आला त्यांच्या घरी सगळी गल्ली जमायची. आणि कोणीतरी केंद्रात आपलं नाव सांगितलं. आपण दोघं पेटी घेऊन गेलो तेव्हा साहेबांनी पहिल्याच वाक्यात काय सांगितलं ते तू विसरला असशील, मी नाही. "तुमची भाषा जरा शुद्ध करा. ही राज्यभर कळायची नाही." मी विचारलं, "ढेमसं शुद्ध कसं करतात हो साहेब, धुऊन?" तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास.

तालमीत तुझा ढेमसे शुद्ध बोलला. "मला अतिशय तहान लागली आहे, कृपया पाणी मिळेल का?" मन्या, तो ढेमसे नव्हता. तो खिडकीत बसलेला बँकेचा कारकून होता. फुटाणी माझ्या हातात असून मला तिच्या तोंडातून शब्द काढवेना. बाहेर येऊन मी तुला खूप बोलले. कोणाचं मिंधं व्हायचं हे, कशासाठी? तू म्हणालास, "काहून वं एवढी तापून राह्यली? एक दिवसाचे पाहुणे आहोन आपण. त्याहिच्या घरी त्याहिच्या रीतीनं."

"अन् शेवटचा शब्द?"

"तो तं पाहुण्याचाच राह्यते," म्हणालास आणि हसलास. ते हसू तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

प्रश्न होता, तिथे पाहुणा कोण? साहेब म्हणाले दोघंही आमचे पाहुणे. तू तोड काढलीस, माठ फुटाणीचा आहे, म्हणजे घर तिचं, ढेमसे पाहुणा. कागदावर ढेमसेचं शेवटचं वाक्य होतं, "पुन्हा भेटू, बालमित्रांनो." मी निमूट कबूल केलं. दिवे लागले. ढेमसे आला, अतिशय तहानलेला. माठ फुटला. फुटाणीने शुद्ध भाषेत संताप केला, जो मुळी करताच येत नाही. आणि मग ढेमसेने मान वळवली, फुटक्या फाका पाहिल्या, आणि आपल्या बोलीत, रात्रपाळीच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फेकू नको वं. याच्यात काहीतरी लावजो."

माठ फुटकाच ठेव आणि त्यात रोप लाव, असं सगळ्यांदेखत! तू आपलं घरचं भांडण दिव्यांपुढे आणलं होतंस, आणि तेही अशा जागी जिथे नियमाप्रमाणे मला उत्तर देता येत नव्हतं! शेवटचा शब्द झाला, यजमानाने गप्प बसायचं. मावशीची रीत तू माझ्यावरच उलटवलीस. मी चादरीमागे दात-ओठ खात उभी, आणि तू माझ्याकडे बघायचं टाळत ढेमसेची टोपी नीट करत होतास.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी मी तुझ्या कॉलनीत आले होते. एका टीव्हीपुढे किती माणसं! खिडक्यांतून डोकी, उंबऱ्यावर बायका. ढेमसेला पाहून पाळीवाले ओरडले, मग तो शुद्ध बोलू लागला तसे शांत झाले. कोणीतरी म्हणालं, "याले काय झालं बे, तब्येत बरी नाही काय?" तरी सगळे थांबले होते, कारण मी तुझा पराक्रम नलूला सांगितला होता आणि नलूने सगळ्या कॉलनीला. शेवटी तो आपल्यासारखा बोलते, म्हणून. माठ फुटला. फुटाणी रागावली. आणि पडद्यावर रिकामी जागा भरायचं ते गुलाबाचं फूल आलं. फूल, आणि सतार.

"संपलं?" एका पोराने विचारलं.

मला आजही ते फूल दिसलं की हात शिवशिवतात. एक वाक्य, मन्या. पाहुण्याला घरी बोलावलं, त्याची भाषा उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला लावली, त्याने ऐकलं, आणि त्याने स्वतःचं म्हणून एक वाक्य उच्चारलं तेवढंही यांना सोसलं नाही. माझं तुझ्याशी भांडण होतं, त्या वाक्यावरूनच होतं, पण ते आपलं भांडण होतं. कात्री लावणारे हे कोण? मी त्याच पावली केंद्रावर जायला निघाले. तू मला बाहेर अडवलंस. चेहरा पडलेला, पण हसत होतास. म्हणालास, "जाऊ दे वं, ताई. शेवटची वडी त्याहिनंच खाल्ली."

जाऊ दे! तुझं सगळं आयुष्य या दोन शब्दांवर चाललं. बढती दुसऱ्याला दिली, जाऊ दे. छातीत दुखतं, जाऊ दे. नलू दवाखान्यात चल म्हणते, रविवारी पाहू. मी त्या वाक्यासाठी वर्षभर साहेबांच्या नावाने बोटं मोडली आणि तू ढेमसेला पुन्हा खाटेवर झोपवून मोकळा झालास. त्यानंतर तू कितीदा म्हणालास, ढेमसेला बोलाव तुझ्या खेळात, फुटाणीच्या घरी येऊन लय दिवस झाले. मी सांगितलं, माठाचा हट्ट सोड, मग ये. तू म्हणालास, तू माठ फुटका ठेव, मग येतो. दोघांपैकी कोणी हललं नाही. मला वाटलं होतं, वेळ आहे. तुझाच हट्ट आधी सुटेल. आणि तू कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असताना, सकाळच्या उन्हात, डबा हातात घेऊन, काही न सांगता सगळंच सोडून दिलंस. ही कुठली रीत झाली वाद जिंकायची?

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी नलूकडे गेले. तिने तुझी पेटी माझ्यापुढे ठेवली. "ताई, तुमीच घेऊन जा. हा ढेमसे घरात असला तं हे खोलीत बसल्यावानी वाटते." मी झाकण उघडलं. ढेमसे आपल्या खाटेवर पडलेला. खाटेला ती पुडी तशीच, कागद पिवळा पडलेला, आतले फुटाणे कधीच पीठ झालेले. तेव्हा रडले, हे तुला सांगून टाकते. नलूने पाणी दिलं.

मुंबईच्या तयार कलाकाराचा निरोप आला होता, पेटी कधी न्यायला येऊ म्हणून. मी उलट निरोप धाडला की ढेमसेला आधी एका घरचं आमंत्रण आहे.

तुझे हात कसले आडमाप रे! शनिवारी चादरीमागे ढेमसेत हात घातला तर त्याचं डोकं माझ्या बोटावर गळून पडलं. ताठ मानेचा तुझा ढेमसे खाली बघत होता, आणि ते मला बघवेना. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्याच्या मानेत कोंबली, तेव्हा कुठे तो उभा राहिला. एका हातात फुटाणी, दुसऱ्या हातात तो. आजवर कधी दोघांचं वजन एकटीने पेललं नव्हतं. तुझा आवाज काढायला गेले तर निघालाच नाही. घोगरा काहीतरी निघाला, तो मावशीचा होता. चादरीपलीकडून एक पोरगा म्हणाला, "हा ढेमसेचा आवाज नाही." दुसऱ्याने त्याला चूप बसवलं, "घसा बसला असन त्याचा." बघा साहेब, फरक कळतो.

ढेमसे उन्हातून आला. मले तहान लागली, असं तो आपल्या भाषेत म्हणाला. माठ फुटला. फुटाणीने त्याला असं झापलं, असं झापलं मन्या, की त्यात डॉक्टरला न दाखवलेल्या तुझ्या छातीपासून कंपनीच्या त्या बसपर्यंत सगळं आलं. पोरं हसून हसून एकमेकांवर पडत होती. मग पाहुण्याची पाळी आली. मला दुसरं काही म्हणायला लावता आलं असतं त्याला, अडवायला तू नव्हतास. पण ढेमसेने मान वळवली, फाका पाहिल्या, आणि तेच म्हणाला. मी चादर खाली सोडली.

सोमवारी पोरं धने घेऊन आली. मुठी भरभरून. म्हणाली, बाई, ढेमसेनं लावाले सांगितलं ना! आता तू मला सांग, लगद्याच्या माठात माती आणि पाणी घातलं तर त्याचं काय होतं? पुन्हा कागद होतो. तुला ते पक्कं ठाऊक होतं आणि तरी लावजो म्हणून मोकळा झालास! शेवटी पोरांनी नळामागे पडलेलं शाळेचं खरं फुटकं मडकं ओढत आणलं आणि त्यात पेरलं. आता चांगला बोटभर सांबार वर आला आहे. पोरं डबा धुताना उरलेलं पाणी त्यात टाकतात. फुटाणीच्या खेळात मी तेच मडकं मांडते, आणि एवढं जड धूड दर शनिवारी उचलताना मी तुझा उद्धार करते.

पोरं आता विचारत नाहीत की माठ नवा का नाही. नवीन आलेलं पोर विचारतं, तर बाकीची सांगतात, ढेमसे आला होता ना.

टीव्हीवाल्यांनी त्यांचा कार्यक्रम परवा पुन्हा दाखवला. गुलाबाच्या फुलासकट. मी पाहिला नाही.

वाद तू जिंकलास असं मी कबूल करणार नाही. ते माझं घर होतं आणि तू पाहुणा होतास, म्हणून तुझं चाललं, एवढंच. हे लिहिते आहे तेही माझंच घर आहे. इथेही मी तुला बोलावलं, पोटभर बोलले, तू निमूट ऐकून घेतलंस. तेव्हा मावशीच्या रीतीने आता मी गप्प बसते, आणि इथे कापायला कोणी नाही.

"फेकू नको वं, ताई. याच्यात काहीतरी लावजो."